काठावर जागा मिळेल का?

होळी झाली की भाटघर धरणाचं पाणी झपाट्यानं मागे सरकायला लागतं. खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या रानांना नीरेच्या दोन्ही कालव्यांतून आवर्तन सुटलेलं असतं आणि वर भोर तालुक्यात, वेळवंडीच्या खोऱ्यात, काठाची नवी पट्टी उघडी पडत जाते. आधी भेगाळलेला गाळ, मग जुन्या बांधांच्या ओळी, एखाद्या विहिरीचं तोंड, जुन्या गाडीवाटेची दगडी कड. उन्हाळा टोकाला गेला की कांबरेश्वराचं देऊळही पाण्याबाहेर येतं. वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असलेल्या या देवाच्या दर्शनाला त्या थोड्या दिवसांत लोक चिखल तुडवत जातात.

शहरातून दोन दिवसांचा निवांतपणा शोधत आलेल्या माणसाला हा काठ म्हणजे पर्वणीच वाटते. समोर पाणी, मागे डोंगर, माणूस दिसत नाही, मोबाइलला रेंज नाही. तंबू ठोकावा, गळ टाकून बसावं, रात्री आभाळ बघावं. मीही अशाच जागांच्या शोधात सह्याद्रीतल्या धरणांचे काठ धुंडाळत आलो आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली, आणि हा लेख तिच्यासाठीच लिहितो आहे. धरणाचा काठ रिकामा दिसतो तो तिथली माणसं उठवली म्हणून. आणि आज जिथे तो अजून स्वच्छ आणि शांत आहे, तिथे कुणी ना कुणी तो राखतं आहे. निवांत जागा हवी असेल तर आधी त्या राखणाऱ्याला गाठावं लागतं.

भाटघरचं धरण इंग्रजांनी 1920च्या दशकात बांधून पुरं केलं. तेव्हा त्याला लॉइड डॅम म्हणत. आज जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. पावसाळ्यात त्याचे 45 स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा खालची गावं सुटकेचा निःश्वास टाकतात. भाटघरचं काम चालू होतं त्याच सुमारास शेजारच्या मुळशीत 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. धरण झालंच. पुढे कोयना आली, पवना आली, पानशेत आणि वरसगाव आले. प्रत्येक ठिकाणी गावं एक तर डोंगरावर चढली किंवा दुसऱ्या जिल्ह्यात गेली. कोयनेच्या शिवसागरातून उठलेल्या माणसांची गावं आज सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरलेली आहेत. मागे राहिले त्यांची तरणी मुलं मुंबईच्या बाजारांत माथाडी झाली. बामणोली, तापोळ्याच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यात दिवसभर बोटीचं इंजिन सोडून कसलाही आवाज येत नाही, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

पवनेचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चार किल्ले भोवती उभे असलेलं, मुंबई-पुण्याहून दोन-तीन तासांवरचं हे पाणी गेल्या काही वर्षांत तंबूंनी भरून गेलं. शनिवारी संध्याकाळी तिथला काठ बघावा. रंगीत तंबूंच्या रांगा, दिव्यांच्या माळा, प्रत्येक तळावर वेगळा गायक आणि वेगळा स्पीकर. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून लागू आहेत आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद हवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी रात्री बारा वाजता आवाज डोंगरावर आपटून परत येत असतो. सकाळी काठावर थर्माकोलच्या पत्रावळी आणि बाटल्या.

यावरून तिथल्या स्थानिकांना नावं ठेवणं सोपं आहे, पण ते मला मान्य नाही. पवना धरणात जमिनी गेलेल्यांचा पुनर्वसनाचा झगडा अनेक दशकं चालला. धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ज्या पाण्यानं शेत नेलं त्याच पाण्याच्या काठावर चार तंबू ठोकून घर चालवणाऱ्या पोराला मी दोष कसा देऊ? दोष द्यायचा तर तिथे गाणी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला द्यावा. त्यानं शांतता मागितली असती तर काठावर शांतताही विकायला आली असती.

तर अशा जागा शोधायच्या कशा?

पहिलं साधन नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे 2017 पासून संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. त्यांत वाड्या, पायवाटा, ओढे, देवळं आणि उंचीच्या रेषा असतात. रेषा विरळ असतील तिथे काठाचा उतार सौम्य. दाट असतील तिथे पाणी एकदम खोल, म्हणजे तिथे मुलांना घेऊन जायचं नाही. उपग्रहाचं छायाचित्र बघताना ते कोणत्या महिन्यातलं आहे याकडे लक्ष ठेवावं. ऑक्टोबरच्या चित्रात पाण्याला लागून दिसणारी सपाट हिरवळ मे महिन्यात पाण्यापासून अर्धा किलोमीटर लांब गेलेली असते, आणि मधला सगळा पट्टा गाळाचा.

दुसरं साधन मला नकाशापेक्षा भरवशाचं वाटतं, ते म्हणजे एस.टी.चं वेळापत्रक. तालुक्याच्या स्थानकात जाऊन मुक्कामाच्या गाड्या कुठल्या गावांना जातात ते विचारावं. संध्याकाळी जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी गाडी जिथे असते, तिथे बहुधा रस्ता संपतो. पुढे घाट किंवा पाणी. तिथून कुणी कुठे पुढे जात नाही, म्हणून वर्दळ नाही. शिवाय चालक-वाहकाला त्या गावातली सगळी माणसं माहीत असतात. कुणाच्या ओसरीवर बसावं, कुणाकडे भाकरी मिळेल, सरपंच गावात आहेत की पुण्याला गेले, हे गाडीतच कळतं.

तिसरं साधन विचारणं, आणि इथेच बहुतेक लोक टाळाटाळ करतात. मोकळी जागा दिसली की तंबू उभा. पण धरणाच्या काठावरची जमीन कुणाचीच नसते असं नाही. पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेच्या आतली जमीन जलसंपदा खात्याची, तिच्या वरची गावकऱ्यांची किंवा वनखात्याची. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन खातं वर्षाच्या कराराने कसायला देतं, आणि त्यात आधी हक्क धरणग्रस्तांचा. हरभरा, गहू, कलिंगड, कांदा, जे काही त्या ओलीवर येईल ते लोक घेतात. फेब्रुवारीत काठावर दिसणारी मऊ, हिरवी, सपाट जागा म्हणजे कुणाचा तरी नुकता उगवलेला हरभरा असू शकतो. त्यावर गाडी घातलेली मी पाहिली आहे. शेतकरी काही बोलला नाही, नुसता बघत उभा राहिला. ते बघवत नव्हतं.

भाटघरच्या काठावर एकदा एक वयस्क गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांच्यापाशी मी बराच वेळ नुसता बघत बसलो. हातात बांबूची काठी, तिला काठीइतकीच दोरी, रीळ वगैरे काही नाही. तरंगायला मोरपिसाचा बोटभर देठ आणि त्याच्या टोकाला लाल नेलपॉलिश. गळापासून चार बोटांवर ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं. शेजारी अल्युमिनियमच्या डब्यात गव्हाचं पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि ओवा एकत्र मळलेला गोळा, बोटाला चिकटणार नाही इतका घट्ट. बसल्याबरोबर त्यांनी कोंडा आणि पेंडीचे लाडू एकाच जागी पाण्यात टाकले होते आणि तासभर त्या जागेवरून गळ हलवला नव्हता.

पीस सारखं थरथरत होतं. मी अस्वस्थ. ते शांत. म्हणाले, "ती बारकी आंबळी हायेत, टोचा मारत्यात. पीस हाललं म्हणून वडायचं न्हाई. आडवं पडलं की मंग." आणि खरोखर, थोड्या वेळानं उभं पीस हळूहळू वर आलं आणि पाण्यावर आडवं झालं. तळाशी तोंड लावून खाणाऱ्या मोठ्या माशानं आमिषासकट शिसं उचललं की पिसावरचं ओझं जातं, म्हणून ते लोळतं. त्यांनी मनगटानं एक छोटा झटका दिला. काठी वाकली, दोरी पाण्यात तिरपी पळाली, आणि काही वेळ कुणी काही बोललं नाही. रोहू होता. काठाशी आणून त्यांनी तो ओल्या पोत्यात घातला आणि पुन्हा पीठ लावायला घेतलं.

मग मी विचारलं, "मामा, रात्री इथं तंबू टाकला तर चालेल का?" त्यांनी आधी मी मनात धरलेल्या जागेकडे बघून मान हलवली. ती म्हशींची पाण्यावर यायची वाट होती आणि पहाटे तिथेच जाळी ओढायला माणसं येणार होती. वर एका आंब्याकडे बोट दाखवून म्हणाले की तिथे टाका, तिथे वारं लागत नाही, आणि जेवायला आमच्या घरी या. सगळी जागा एका प्रश्नात मिळाली. ती नकाशावर मला कधीही सापडली नसती.

मासेमारीच्या बाबतीत तर विचारणं कायद्यानंही भाग आहे. राज्यातल्या बहुतेक जलाशयांतला मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्यानं देतो, आणि तो साधारणपणे स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांचं बोटुकली आकाराचं बीज संस्था पैसे मोजून पाण्यात सोडते. तुम्ही गळाला लावलेला रोहू बहुधा संस्थेच्या पैशानं वाढलेला असतो. म्हणून संस्थेच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला भेटून, असेल ती फी भरून पावती घेतली पाहिजे. काही ठिकाणी हौशी गळवाल्यांसाठी दिवसाचा परवाना असतो, काही ठिकाणी तोंडी परवानगीवर भागतं, काही ठिकाणी चक्क नाही म्हणतात. नाही म्हटलं तर उठावं. मुंबईत पवई तलावावर हौशी गळ टाकणाऱ्यांची संघटना कित्येक दशकं परवाने देत, शिस्त लावत आली आहे. शहराच्या पोटात मगरींसकट एक तलाव मासेमारीसाठी जिवंत राहिला, त्यात या शिस्तीचा वाटा आहे.

उजनीवर गेलात तर काठावरचे खरे मुक्कामी कोण हे दिसेल. भिगवण, कुंभारगावच्या बाजूला पर्यटक रोहित बघायला येतात, चिलापी तळून खातात आणि संध्याकाळी परत जातात. जरा आत गेलं की प्लास्टिकचे कागद आणि बांबू यांची पालं लागतात. रायगडच्या बाजूनं आलेली कातकरी कुटुंबं हंगामभर त्यात राहतात, रात्री जाळी टाकतात, पहाटे काढतात. कित्येकांनी ठेकेदाराकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती फिटता फिटत नाही. आपल्या तंबूची किंमत त्यांच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतकी असू शकते. त्यांच्याकडून मासे घेताना घासाघीस करू नये एवढं तरी आपल्या हातात आहे. तिथे चार दिवस राहून मासे, पाणी आणि वारा यांबद्दल जे कळेल ते दुसरीकडे कुठे कळणार नाही.

ऋतूचं गणित थोडं चमत्कारिक आहे. तंबूला उत्तम काळ मार्गशीर्ष ते माघ. आभाळ निरभ्र, किडे कमी, गवत अजून पिवळंधमक झालेलं नाही. पण याच थंडीत पाणी गार होतं आणि रोहू-कटल्यासारखे मासे सुस्तावतात, खोल जातात, आमिषाला तोंड लावत नाहीत. गळाला मासा लागावा असं वाटत असेल तर आश्विन-कार्तिक किंवा मग थेट फाल्गुन-चैत्र. पाणी उतरून आटोपशीर झालेलं, तापलेलं, मासा भुकेला. तेव्हा दिवसा ऊन भाजून काढतं, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला बसायचं, दुपारी झाडाखाली पडायचं. दुपारनंतर वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला खाद्य लोटलं जातं आणि मासा तिकडे येतो. गळ त्या काठाला टाकावा आणि तंबू मात्र आडोशाच्या काठाला ठोकावा. दोन्ही एकाच जागी साधायला गेलं की रात्रभर तंबूचं कापड फडफडत राहतं.

पहिल्या पावसात गळ घरी ठेवावा. मृगाच्या सरींनी ओढे वाहायला लागले की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे, वरच्या उथळ पाण्याकडे निघतात. चढणीचे मासे, वळगणीचे मासे म्हणून कोकणात आणि मावळात या दिवसांची वाट बघतात आणि घरटी टोपल्या भरतात. कधीकाळी ते गावच्या पोटापुरतं होतं. आता मच्छरदाण्या लावून, ओढा आडवा बंद करून अंड्यांनी भरलेली मादी न मादी काढली जाते. समुद्रात 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी आपण मान्य केली, नदीच्या माशाला तेवढीही उसंत मिळत नाही. सुरुंगाच्या दारूनं किंवा विष कालवून मासे मारण्यावर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि आजही कोकणातल्या डोहांत ब्लीचिंग पावडर टाकली जाते. एकदा टाकली की तो डोह बारक्या पिल्लांसकट रिकामा.

हे सगळं आठवलं की मला महाडजवळच्या वाळणकोंडाबद्दल सांगावंसं वाटतं. बिरवाडीच्या पुढे काळ नदीच्या पात्रात खडकांत कोरलेला लांबट, खोल डोह आहे. काठी वरदायिनी देवीचं ठाणं. या डोहातल्या माशांना देवीचे मासे मानतात आणि ते कुणी धरत नाही. पुलावरून खाली कुरमुरे टाकले की आधी पाण्यात काळसर सावल्या हलतात, मग हातभर लांबीचे मासे एकमेकांवर चढत वर येतात. मोठाले खवले, जाड ओठ, शेपटीकडे निळसर झाक. हाच तो महसीर, आपल्याकडे खडस किंवा खडशी म्हणतात तो. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या देवळाखालच्या डोहातही असेच राखलेले मासे आहेत. तिथे ना पहारेकरी, ना तारेचं कुंपण. गावानं ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलं.

या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन पुण्याशी जोडलेलं आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशावरून 1839 साली त्याला खुद्री हे नाव दिलं. त्या मुळा-मुठेत, पुणे शहराखाली, आज हा मासा शोधायला जाऊ नये. नाक दाबून परत यावं लागतं. महसीर कमी होत चालला तेव्हा लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीनं 1970च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी कृत्रिम प्रजननाचं तंत्र तिथे बसवलं. लाखोंनी पिल्लं तयार झाली आणि देशभर गेली. फार मोलाचं काम होतं ते, यात शंका नाही.

पण ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे त्यांनी वेगळाच प्रश्न उभा केला. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसिरांपैकी एक असा मासा होता. लोणावळ्याचा निळ्या परांचा महसीर तिथे फोफावला आणि मूळचा मासा मागे हटत गेला. 2018 साली त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. चांगल्या हेतूनं सोडलेला मासासुद्धा दुसऱ्या नदीत उपरा ठरतो. म्हणून काचेच्या टाकीतले मासे हौसेनं तलावात सोडणाऱ्यांना, मांगूर आणि रूपचंद नदीत सोडून पुण्य लागेल असं समजणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की तसं करू नका. आणि गळाला महसीर लागलाच तर काटा नसलेला गळ वापरलेला असावा, हात ओले करून त्याला धरावं, पाण्याबाहेर फोटोपुरतंसुद्धा लांबवू नये, प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवावं आणि तो स्वतःच्या जोरानं सुटेल तेव्हा जाऊ द्यावं. खायला रोहू भरपूर आहेत.

उत्तरेला जायचं तर भंडारदरा. प्रवरेवरचं हे धरण 1926 साली पुरं झालं. जूनच्या तोंडाशी तिथे काजवे बघायला इतकी गर्दी होते की गाड्यांच्या दिव्यांत काजवे दिसेनासे होतात. मी तिथे थंडीतच जावं म्हणतो, आणि तेही धरणाच्या भिंतीपासून लांब, रतनवाडीच्या अंगाला. भोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम नाही आणि मासेमारी नाही, हे वनरक्षकाला विचारूनच पक्कं करावं. कोयनेच्या बाजूलाही तेच. वासोट्याला बोटीनं जाऊन दिवसाउजेडी परत यायचं, वर राहायचं नाही. गावातल्या घराच्या अंगणात तंबू टाकायला मात्र बामणोली-तापोळ्याकडे कुणी नाही म्हणत नाही. इकडे भंडारदऱ्याजवळ अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीनं पाहुण्यांची व्यवस्था गावानं मिळून करायचा मार्ग धरला. पाहुणे घरोघर वाटले जातात, पैसे गावात राहतात. हा मला पवनेपेक्षा कितीतरी सुजाण मार्ग वाटतो.

कोकणात खाडीकाठी गरी टाकून बसणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भरतीच्या पहिल्या पाण्याबरोबर वर येणारा जिताडा आणि खडकांच्या फटीतली तांबोशी ज्यानं धरली आहे तो धरणाकडे ढुंकून बघणार नाही. विदर्भातल्यांनी तर कुठे लांब जायचंच कारण नाही. भंडारा-गोंदियात कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव, ज्यांना आज मामा तलाव म्हणतात, ढिवर मंडळींच्या मेहनतीवर अजून जगताहेत. नवेगाव बांधच्या काठावर अरण्यलेखक मारुती चितमपल्ली वर्षानुवर्षं राहिले ते उगीच नाही.

आता जिवाच्या गोष्टी. धरणाच्या भिंतीखाली, नदीपात्रात कधीही तंबू टाकू नये. पाणी सोडताना भोंगा वाजतो, पण गाढ झोपेत तो ऐकू येईलच असं नाही. भंडारदऱ्याच्या वर घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन वीजप्रकल्प आहे. तिथे पाणी वर चढवतात आणि खाली सोडतात, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी खालीवर होते. अशा ठिकाणी पाण्यालगतची कोरडी जागा फसवी. पोहणाऱ्यांचा घात बहुतेक वेळा दोन गोष्टींनी होतो. उतरत्या काठावरचा मऊ गाळ पाय धरून ठेवतो, आणि जुन्या नदीचं पात्र जिथे सुरू होतं तिथे कमरेइतकं पाणी एका पावलात पुरुषभर होतं. गावच्या पोरांना हे पात्र कुठून जातं ते माहीत असतं.

थंडी वाजते म्हणून तंबूत कोळशाची शेगडी नेणं म्हणजे मरणाला बोलावणं. जळत्या कोळशातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. शेकोटी करायचीच तर मोकळ्या मातीवर, गवतापासून लांब आणि निजण्याआधी पाणी ओतून. फेब्रुवारीनंतर शेकोटी नकोच. सह्याद्रीतले कितीतरी वणवे हलगर्जीपणातून पेटतात आणि त्यात गुरांची वैरण जळते. बूट सकाळी झटकून घालावेत. फुरसं आणि विंचू दोघांनाही उबदार अंधारी जागा आवडते. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे हे निघण्याआधी फोन करून विचारावं, पोहोचल्यावर नव्हे.

या दिवाळीनंतर पहिल्यांदाच निघणार असाल तर शुक्रवारी रात्री निघू नका. शनिवारी सकाळच्या एस.टी.नं किंवा गाडीनं जा, म्हणजे उजेडी गाव भेटेल. किराणा तालुक्याला न भरता गावातल्या दुकानातून घ्या, भाकरी-पिठलं एखाद्या घरी सांगा आणि मागतील त्याहून थोडे जास्त पैसे द्या. संस्थेची पावती खिशात ठेवा. पहिल्या खेपेला मासा मिळाला नाही तरी चालेल, फक्त त्या गावातल्या एखाद्याचा फोन नंबर घेऊन या. फाल्गुनात पाणी किती उतरलं आणि कुठल्या काठाला रोहू लागतोय, ते त्यालाच विचारायचं आहे.